बाबल्याचं बिऱ्हाड

आबांच्या घरात माझ्याआधीपासून तीन भाडेकरू राहतात, अशी सुरुवातीला माझी पक्की समजूत होती. एक चिनी तात्या, दुसरा बाटलेकर आणि तिसरा बाबलो. दिसायचे मात्र कुणीच नाहीत. पण रोज दिवेलागणीला आबा चुलीजवळ पाटावर बसून काकींना त्यांच्या खबरी सांगायचे. तात्या आज असं म्हणाला, बाटलेकरानं पुन्हा तीच बाटली काढली, बाबल्याचं आज कुणाशी तरी वाजलं. काकी बांगड्यांना मीठमसाला लावता लावता ऐकायच्या आणि मध्येच विचारायच्या, "जेवलो काय तो?"

मी परमुलखातला माणूस. बार्शीकडचं खेडं माझं. शाळा सहावीत सुटली, मग कोल्हापुरात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकलो. त्या छापखान्यानं आपलं जुनं, पायानं चालवायचं ट्रेडल यंत्र मालवणच्या एका छापखान्याच्या मालकांना विकलं, तेव्हा ते चालवून दाखवायला म्हणून मला ट्रकमध्ये यंत्राशेजारी बसवलं आणि घाट उतरवला. यंत्र राहिलं, म्हणून मीही राहिलो. ते जरा कुरकुरलं की मला वाटायचं, आता दोघांनाही परत पाठवतात. अशा माणसाला आबांनी आपल्या पडवीतली खोली दिली होती. ती त्या तिघांपैकी कुणाला बाजूला सारून दिली नाही ना, याचा मला घोर लागला. न्हाणीतलं ऊन पाणी मी जपून घ्यायचो, तात्या म्हातारे असतील म्हणून. दारामागच्या खुंटीला सदरा लावायचो नाही, ती बाबल्याची असेल म्हणून.

शेवटी धीर करून छापखान्याच्या मालकांना विचारलं, की हे तात्या कामाला कुठे जातात. मालकांनी हातातलं प्रूफ खाली ठेवलं आणि टेबलाला धरून हसले. "मेल्या, तात्या मरान दोन हजार वर्सां झाली. पुस्तकातलो तो."

मग कळलं. आबा वाचायचे जगभरचं, आणि त्या परदेशी लोकांची नावं घेताना त्यांची जीभ अडखळायची. काकींच्या तर कानातच ती शिरत नसत. म्हणून आबांनी सगळ्यांचं मालवणीत बारसं करून टाकलं होतं. चीनमधला साधू तो तात्या. जन्मभर फडताळावरच्या बाटल्याच रंगवत बसलेला चित्रकार तो बाटलेकर. आणि कुठल्याशा थंड देशातला, लग्न न केलेला, भाड्याच्या खोलीत राहून जाडजूड ग्रंथ लिहिणारा तत्त्वज्ञ तो बाबलो.

आबा आमच्या छापखान्याचे चित्रकार. आंब्याच्या पेट्यांची लेबलं, कोकमाच्या बाटल्यांवरचे कागद, दशावताराची हँडबिलं, लग्नपत्रिका, सगळ्यांवरची नक्षी त्यांची. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईच्या एका गिरणीत लुगड्यांचे काठ काढण्यात घालवली होती. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत. गिरणीला सारखा नवा काठ हवा असायचा. नवा काठ आणायचा कुठून, म्हणून आबा जुनी शिल्पं बघायला लागले, शिल्पांवरून फुटपाथवरच्या पुस्तकांकडे गेले, आणि पुस्तकांनी त्यांना जे धरलं ते सोडलंच नाही. ते म्हणायचे, "कमळ काढूक गेलंय तो बुद्धापर्यंत पोचलंय. मागे येवची वाट काय गावली नाय." पुढे छापील साड्या आल्या, काठाला कुणी विचारीना, तेव्हा बोटीनं मालवणला परतले. बरोबर दोन ट्रंका होत्या. त्या उचलताना हमालाला वाटलं, ह्यानं मुंबईत सोनं केलं.

या वाचनाचा धंद्याला उपयोग किती, ते मालकांना विचारावं. एकदा आचऱ्याचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. आबांनी आठवडाभर पुस्तकं चाळून त्यांना एक गणपती काढून दिला. गृहस्थांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "हो आमचो गणपती नाय."

"नाय," आबा म्हणाले. "हो जावा बेटातलो. तुमी चेडू दूर दिलास, म्हणान दूरचो काढलंय."

मालकांनी गुपचूप खणातला जुना ठसा काढून पत्रिका छापली. आबा चार दिवस मालकांशी बोलले नाहीत. मालकांना ते चार दिवस फार सुखाचे गेले, असं ते अजून सांगतात.

आबांची वाचायची रीतही लुगड्याची होती. आधी काठ, मग अंग, सगळ्यात शेवटी पदर. म्हणजे पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा प्रत्येक प्रकरणाची पहिली ओळ तेवढी वाचायची, मग सावकाश मजकूर, आणि शेवटचं पान कितीही मोह झाला तरी आधी बघायचं नाही. "पदर आधी उलगडून बघणारो माणूस लुगडा घेणा नाय, निसतो हात पुसून जाता." दुसरा नियम याहून कडक. वाचलेलं सांगताना पदरचं घालायचं नाही. लिहिणाऱ्यानं जसं लिहिलं तसं सांगायचं, आवडो न आवडो. शाळेत माझं वाचन अर्धवट राहिलेलं, ते त्यांनी पुढे नेलं, तेही याच नियमानं. एखादी ओळ अंदाजानं वाचली की माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहायचे. रागवायचे नाहीत. बघायचे फक्त. मला ते पुरायचं.

काकी या बाबतीत काही मानायच्या नाहीत. तात्यांचं म्हणणं, माणसानं पाण्यासारखं असावं, खालच्या जागी वाहत जावं. काकी म्हणाल्या, मग आपल्या न्हाणीचं पाणी का तुंबतं ते तात्यांना विचारा. आबांनी ते मनावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन न्हाणीचा चर उपसला. बाटलेकर काकींना फारसा पसंत नव्हता. बाटल्या रिकाम्या की भरलेल्या, हे तो धड कळू देत नाही म्हणून. जीव होता तो बाबल्यावर. त्याचा विषय निघाला की त्यांचा हात थांबायचा.

"तेका कोण आसा?" एकदा त्यांनी विचारलं.

आबा म्हणाले, "विचार आसत."

"विचार पेज करून घालतले काय?"

आबांनी यावर पुस्तक मिटलं होतं, हे मला चांगलं आठवतं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. पाऊस सरता सरता काकींना मुदतीचा ताप आला. आठवडा गेला, दुसरा गेला, ताप उतरेना. डॉक्टरांनी पातळ पेज सोडून सगळं बंद केलं आणि काकींनी आपल्या मनानं पेजही बंद केली. वाटी पुढे केली की तोंड भिंतीकडे. डॉक्टरांनी आबांना पडवीत नेऊन सांगितलं, की पोटात काही गेलं नाही तर औषध कुणावर चालणार. मी आत खोलीत होतो, मला ऐकू आलं. आबा बराच वेळ डॉक्टरांच्या सायकलीची घंटा हातानं पुसत उभे राहिले.

त्या संध्याकाळी काकींनी डोळे न उघडताच विचारलं, बाबल्याचं शेवटी काय झालं. आबा म्हणाले, अजून पदर आलेला नाही, अर्धं पुस्तक व्हायचं आहे.

"तुमचो पदर येयसर मी ऱ्हवतलंय काय?"

दुसऱ्या दिवशी आबा पुस्तक घेऊन छापखान्यात आले, माझ्या खिळ्यांच्या खणांशेजारी स्टुलावर बसले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी पुस्तक शेवटाकडून उघडलं. बोट ठेवून सावकाश वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "सदू, तो मेलो रे. खोलयेत एकटोच. सकाळी घरमालकीण दूध घेवन इली, तेवा कळला."

मी म्हणालो, काकींना सांगू नका, पुस्तक पावसात भिजलं म्हणा. आबा म्हणाले, आपल्याला खोटं बोलता येत नाही, काकी तोंडाकडे बघून ओळखतील. दिवसभर त्यांनी एक आंबा काढला आणि त्याला देठ काढायचा विसरले.

दिवेलागणीला मी पेजेची वाटी घेऊन उभा होतो. आबा काकींच्या उशाशी बसले, पुस्तक उघडलं, घसा खाकरला. इंग्रजी मला येत नसे, पण खिळे जुळवणाऱ्याला पानाची ठेवण कळते. आबांचं बोट मागच्या सूचीवर होतं. नुसती नावं आणि आकडे.

"बाबल्याचा लगीन झाला," आबा म्हणाले.

काकींनी डोळे उघडले. "कोणाशी?"

इतका विचार आबांनी केलेला नव्हता. ते सूचीत वरून खाली शोधायला लागले. "घरमालकिणीच्या भयणीशी."

"रांधता कशी?"

"पेज बरी करता."

"आणि हो खाता?"

"खाता. निमूट."

काकींनी माझ्या हातातल्या वाटीकडे बघितलं आणि तोंड उघडलं. तीन चमचे पेज गेली. आबांनी पान उलटलं. पुढेही सूचीच होती.

त्या दिवसापासून आबांचं पदरचं जे सुरू झालं, त्याला सुमार राहिला नाही. सकाळी छापखान्यात येऊन ते मला विचारायचे, आज बाबल्याला काय खायला घालूया. मालक कोकमाच्या लेबलाची वाट बघत बसायचे आणि आम्ही दोघे त्या थंड देशात सोलकढी पोचवायची कशी या विवंचनेत. बाबल्याची सासू धामापूरच्या बाजूची निघाली. मेहुणा तंटेखोर. थंड देशात बांगडा मिळतो का, असं काकींनी विचारलं, तर बोटीनं येतो. बाबल्याचं अंग भरत चाललं आणि इकडे काकींची वाटी रिकामी व्हायला लागली. काकींना सगळं कळत होतं की काय, मला सांगता येत नाही. एवढं खरं, की त्या आता आबांच्या तोंडाकडे न बघता आढ्याकडे बघत ऐकायच्या.

ताप उतरला. काकी पहिल्यांदा भिंतीला टेकून बसल्या त्या संध्याकाळी त्यांनी तक्रार केली. "इतक्या दिसात एक प्वॉर नाय तेंका?"

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"झाला," ते म्हणाले. "चेडू झाला."

"नाव काय ठेवल्यांनी?"

आबा पुस्तकात बघत नव्हते. "शेवंती."

मला हसू फुटलं. तसल्या बर्फाच्या मुलखात, तसल्या तत्त्वज्ञाच्या घरी शेवंती. मी हसलो आणि माझ्या लक्षात आलं, की हसणारा मी एकटाच आहे.

काकींनी आढ्याकडे बघत विचारलं. "पायात वाळे घातल्यांनी काय तिच्या?"

"घातल्यांनी. रुप्याचे."

"आमच्या शेवंतीक घालूचे रवले."

त्या घरात कधी मूल होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मालवणात कुणाला माहीत असेल असंही वाटत नाही. मुंबईलाच आलं असणार आणि मुंबईलाच गेलं असणार. मी वाटी जमिनीवर ठेवली. उठून बाहेर जावं की बसावं, ते कळेना. पण मला जा असं कुणी म्हणालं नाही, म्हणून बसून राहिलो.

काकींनी पायांवरची चादर सारखी केली आणि आबांना म्हणाल्या, "उद्या तिका शाळेत घाला."

"आधी चलूक तरी लागांदे गो," आबा म्हणाले. "घाई कसली."