कॅप्टनबाईंचा ओटा

गुरुनाथ केळशीकरने टोस्टर उचलला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण टोस्टर उचलायचा, असं त्याने मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता, दुसरा चहा पिता पिता, स्वतःच्या बुद्धीने ठरवलं. आणि स्वतःच्या बुद्धीने काहीही करू नकोस, असं बायको जाताना चार वेळा बजावून गेली होती.

बायको म्हणजे कॅप्टन डॉक्टर नीलांबरी केळशीकर, न्यूझीलंड आर्मी. पुण्याची डॉक्टरकी इथे चालेना, म्हणून तिने पुन्हा परीक्षा दिली, पास झाली आणि सरळ लष्करात भरती झाली. कोथरूडच्या नातेवाइकांचा मात्र असा समज झाला, की गुरुनाथलाच तिकडे मिलिटरीत मोठी पोस्ट मिळाली. त्यांनी पेढे वाटले. पत्र लिहून हा गैरसमज दूर करायचं गुरुनाथच्या फार मनात होतं. (घरातली पोस्टाची तिकिटं संपली होती. तीन वर्षं संपलेलीच होती.)

पुण्यात तो विमा कंपनीत क्लार्क होता. इथे सरकारी कागदावर त्याचा हुद्दा होता 'डिपेंडंट'. ऑकलंडच्या दक्षिणेला छावणीतलं घर मिळालं होतं, कॅप्टनबाईंच्या नावाने. गाडीवर बाईंचा स्टिकर, त्यामुळे गेटवरचा पहारेकरी गाडी दिसली की खाडकन सॅल्यूट ठोकायचा. तो सॅल्यूट गाडीला आहे, हे गुरुनाथला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगण्यात आलं होतं. तरी पापाटोएटो नावाच्या उपनगरातून भाजी घेऊन येताना तो हातातली मेथीची जुडी कपाळाला लावून उलट सॅल्यूट करायचा तो करायचाच.

आता नीलांबरीची बदली झाली होती दक्षिण बेटावर, आणि तिथे गेल्यावर मेजर होण्याची शक्यता होती. शक्यताच. कारण मध्ये एक गोष्ट होती, तिचं नाव 'मार्च-आउट'. छावणीतलं घर सोडताना एक बाई फाइल घेऊन येतात आणि घराचा कोपरा न् कोपरा तपासतात. घर नापास झालं, तर शेरा थेट नव्या जागच्या कर्नलसाहेबांच्या टेबलावर. ज्या बाईला तीन खोल्यांचं घर धड परत करता येत नाही, तिच्या हाती अख्खं हॉस्पिटल कसं द्यायचं, असा साधा हिशोब. शुक्रवारी सकाळी दहाला मार्च-आउट. नीलांबरीला मात्र रविवारीच हजर व्हायचं होतं. जाण्याआधी तिने दोन दिवस खपून अख्खं घर स्वतः घासूनपुसून लख्ख केलं.

"गुरू, हे एकच काम तुझ्यावर टाकून जातेय," विमानतळावर ती म्हणाली. "गुरुवारी पॅकर्स सामान नेतील. शुक्रवारी तू फक्त दार उघड, किल्ल्या दे आणि थँक्यू म्हण."

"आणि?"

"आणि काही नाही. 'आणि' असं मनात आलं, की कल्याणीला विचार."

कल्याणी त्यांची मुलगी, वय वर्षं अकरा. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. शाळेला सुट्टी होती. जानेवारीचा उन्हाळा असल्यामुळे ती दिवसभर टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालून शेजाऱ्यांच्या पोहण्याच्या तलावात असायची. घरात गुरुनाथ आणि त्याची बुद्धी, असे दोघेच.

तर, टोस्टर. तो उचलला, आणि खाली होता तो दिसला. हळदीचा डाग. बशीएवढा, पिवळाधम्मक, पांढऱ्याशुभ्र ओट्यावर. तो तिथे असणार हे गुरुनाथला पक्कं ठाऊक होतं, कारण तो त्यानेच पाडला होता. अडीच वर्षांपूर्वी पोहे करताना हळदीचा डबा ओल्या ओट्यावर कलंडला होता, आणि त्याने प्रसंगावधान राखून त्यावर टोस्टर ठेवला होता. तेव्हापासून टोस्टरखालची जागा पुसायचं काम त्याने हट्टाने स्वतःकडे घेतलं. नवरा घरकामात हातभार लावतो, असं नीलांबरीला वाटायचं. (असं गुरुनाथला वाटायचं.)

"आणि," गुरुनाथच्या मनात आलं. कल्याणी तलावात होती. त्याने धुण्याचा सोडा घेतला, पाण्यात कालवला आणि डागावर खसाखसा चोळला.

डाग लाल झाला.

गुलाबी वगैरे नाही. एखाद्याचा मुडदा पडावा तसा लालभडक. हळदीला क्षार लागला की तिचं कुंकू होतं, ही काही गुप्त विद्या नव्हे. गुरुनाथची आई दरवर्षी घरीच कुंकू करायची आणि लहानपणी ताटं उन्हात नेऊन ठेवायचं काम त्याच्याकडेच असायचं. पण त्याचं लक्ष तेव्हा गच्चीवरच्या पतंगाकडे असे. त्याने आणखी सोडा घातला. बशीची थाळी झाली.

तेवढ्यात कल्याणी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटकारत, पाणी निथळत आत आली. तिने ओटा पाहिला, बाबांचे हात पाहिले.

"बाबा, हू डाइड?"

"कोणी मेलं नाही. तू आधी पाय पूस."

मग त्याने पापाटोएटोला काशिनाथला फोन लावला. काशिनाथ मूळचा सांगलीचा. पापाटोएटोत त्याचं वाणसामानाचं दुकान होतं, आणि तो मसाल्यांपासून मूळव्याधीपर्यंत कशावरही सल्ला द्यायचा.

"लिंबू चोळा की साहेब," काशिनाथ म्हणाला. "लिंबापुढं काय टिकतंय?"

लिंबू चोळताच लाल डाग पुन्हा पिवळा झाला. गुरुनाथने आनंदाने उडीच मारली. मग उरलासुरला पिवळेपणा घालवायला भांड्याचा साबण लावला. पुन्हा लाल. पुन्हा लिंबू. पिवळा. दुपारपर्यंत सात लिंबं संपली आणि थाळीची परात झाली.

"इट्स अ‍ॅन इंडिकेटर," कल्याणी सँडविच खात म्हणाली. "वी डिड इट अ‍ॅट स्कूल विथ रेड कॅबेज. सोप, रेड. लेमन, यलो."

"आणि पांढरा कशाने होतो?"

"डोन्ट नो. आस्क मम."

"आईला नाही विचारायचं."

"देन गुड लक," असं म्हणून ती पुन्हा पोहायला गेली.

आता एवढ्यावर थांबला असता, तर तो गुरुनाथ कसला? बुधवारी सकाळी त्याला एक विचार सुचला, आणि त्या विचाराने तो इतका खूश झाला, की त्याने स्वतःसाठी आलं घालून चहा केला. डाग म्हणजे काय? एका ठिकाणी असतो तो डाग. सगळीकडे असतो तो रंग! मग ओटाच पिवळा केला तर डाग राहतो कुठे? विमा कंपनीत असतानाही त्याने एका पत्रातली शाईची खाडाखोड लपवायला सगळं पत्र निळं केलं होतं. (तिथून त्याला निरोप देताना वरिष्ठांनी काढलेले उद्गार इथे देण्यासारखे नाहीत.)

त्याने घरातली अर्धा किलो हळद काढली, गॅरेजमधलं स्पिरिट त्यात ओतलं आणि आंघोळीच्या स्पंजने या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा ओटा सारवला. तासाभराने पुसला, पुन्हा सारवला. संध्याकाळी पडदे उघडून बघतो, तर ओटा लोण्यासारखा, सौम्य, एकसारखा पिवळसर. कुठे डाग नाही, ओघळ नाही. जन्मात पहिल्यांदाच त्याच्या हातून एखादं काम नीटनेटकं झालं होतं, आणि ते नेमकं हे होतं.

गुरुवारी पॅकर्स सामान घेऊन गेले. संध्याकाळी नीलांबरीचा फोन आला.

"सगळं ठीक?"

"एकदम. स्वीट अ‍ॅज," गुरुनाथ म्हणाला. घाबरला की तो न्यूझीलंडी व्हायचा.

"काही केलं नाहीस ना?"

"छे! मी कशाला काय करू?"

"बरं. ओटा?"

"ओटा? ओट्याचं काय?"

"काही नाही रे, सहज विचारलं," नीलांबरी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला मिसेस डॉबसन आल्या. साठीच्या, लष्करातूनच निवृत्त झालेल्या, ताठ. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात पांढरं फडकं, आणि कमरेला पिस्तूल लटकवावं तशी क्लीनरची स्प्रे-बाटली. (बाई अर्थातच इंग्रजीत बोलत होत्या. त्यांचं बोलणं गुरुनाथला जेवढं कळलं, तेवढंच इथे मराठीत दिलं आहे.)

"किया ओरा, मिस्टर केळशीकर. कुत्रा कुठाय?"

"कुत्रा? आमच्याकडे कुत्रा नाही."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी फाइलमध्ये डोकावलं, परसात जाऊन कुंपणाच्या कडेने बारकाईने पाहिलं, आत येऊन कार्पेटचा वास घेतला. कुत्रा काही सापडेना. मग खिडक्या, दारं, बाथरूम. सगळीकडे फडकं फिरत होतं आणि पांढरंच राहत होतं. नीलांबरीने घासलेलं घर होतं ते. शेवटी बाई स्वयंपाकघरात आल्या आणि थबकल्या.

"हे बेंच पांढरं होतं." (ओट्याला इथे बेंच म्हणतात.)

"क्रीम," गुरुनाथ म्हणाला. "पहिल्यापासून क्रीमच आहे. उजेडाचा फरक."

"मी स्वतः उभं राहून बसवून घेतलंय ते," असं म्हणत बाईंनी कमरेची बाटली उपसली.

साबण लागला की लाल. हे वाक्य मंगळवारपासून त्याच्या डोक्यात होतं. फक्त तपासायला येणारी बाई साबण आणेल, एवढंच त्या डोक्यात आलं नव्हतं. "बाई, नको!" तो ओरडला, तोवर फवारा उडाला होता. लाल रंग ओट्यावर पसरत गेला. बाईंनी घाबरून आणखी फवारलं. आणखी लाल. पांढरं फडकं हातात धरवेना.

"देअर इट गोज," दारातून कल्याणी म्हणाली.

गुरुनाथच्या तोंडचं पाणी पळालं. याच ओट्याशी नीलांबरी पहिल्या दिवशी युनिफॉर्म घालून उभी राहिली होती. ती म्हणाली होती, "जमेल ना रे मला?" तिला सगळं जमलं होतं. तिने आयुष्यात त्याच्यावर एकच काम टाकलं होतं, दार उघडण्याचं, आणि ते त्याने असं केलं होतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"हे सगळं मी केलंय," तो म्हणाला. "कॅप्टनचा काही संबंध नाही. माझ्या नावावर लिहा."

"तुमच्या नावाला फॉर्मवर जागा नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही डिपेंडंट आहात."

मग त्यांनी फाइल उघडली आणि आधीच कळवलेल्या नुकसानीचा कागद काढला. तारीखवार चार नोंदी, खाली नीलांबरीची सही. कॅलेंडरमागे भिंतीला पडलेलं भोक. पायपुसण्याखाली इस्त्रीने जळलेलं कार्पेट. धुण्याच्या खोलीच्या दाराची निखळलेली बिजागरी. ही तिन्ही गुपितं गुरुनाथ सरणावर घेऊन जाणार होता. चौथी नोंद जून चौऱ्याण्णवची: 'बेंचवर हळदीचा डाग. ऊन लागलं की चार दिवसांत आपोआप जातो. परंतु त्यावरचा टोस्टर हलवू दिला जात नाही.'

"आणि ही पाचवी," बाई म्हणाल्या. "तारीख या आठवड्याची. सही केलेली, ऑफिसची मंजुरी घेतलेली. नुकसान काय, तेवढी जागा रिकामी ठेवलीय. खाली लिहिलंय, 'मार्च-आउटच्या आठवड्यात अपेक्षित'." त्यांनी पेन काढून रिकाम्या जागी लिहिलं: बेंच, संपूर्ण. "आधी कळवलेलं नुकसान आम्ही धरत नाही. घर पास."

गुरुनाथला हायसं वाटलं, पण बाई जागच्या हलेनात.

"एकच अडचण आहे. नुकसान कोणामुळे, यासाठी फॉर्मवर दोनच चौकोन आहेत. मूल किंवा पाळीव प्राणी. कॅप्टनबाईंनी पाचही ठिकाणी पाळीव प्राण्यावर खूण केलीय. तुम्ही म्हणता, कुत्रा नाही. म्हणजे माहिती खोटी, आणि ते मला कर्नलना कळवावं लागेल." त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तर नीट विचार करून सांगा, मिस्टर केळशीकर. या घरात प्राणी आहे?"

गुरुनाथने कल्याणीकडे पाहिलं. कल्याणी छताकडे पाहत होती. बिचाऱ्या मुलीवर आळ येऊ नये, म्हणून तिच्या आईने दुसरा चौकोन निवडला होता, हे त्याला आता स्वच्छ दिसलं.

"आहे," तो म्हणाला.

"नाव?"

"गुरू."

बाईंनी लिहिलं. "वय?"

"बेचाळीस."

"माणसाच्या वर्षांत की कुत्र्याच्या?" बाईंचा चेहरा जराही हलला नाही. "असू दे. सांगितलेलं ऐकतो का?"

"नॉट रिअली," कल्याणी म्हणाली. "बट ही मीन्स वेल."

तेही बाईंनी लिहून घेतलं, सही करून एक प्रत गुरुनाथच्या हातात ठेवली, आणि दाराशी आल्यावर त्याच्याकडे मायेने पाहून निघून गेल्या. संध्याकाळच्या विमानाने बापलेक दक्षिण बेटावर उतरले, तेव्हा नीलांबरी युनिफॉर्ममध्येच न्यायला आली होती. तिने आधी मुलीला जवळ घेतलं, मग गुरुनाथच्या हातातला कागद घेऊन शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

"किल्ल्या दिल्यास?"

"दिल्या."

"थँक्यू म्हणालास?"

"म्हणालो."

"गुड बॉय," नीलांबरी म्हणाली आणि तिने त्याच्या डोक्यावर दोनदा थोपटलं.