अर्ध्या गुणाची शिंक

आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. खऱ्या गोष्टींचं नशीबच तसं.

मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी चालू होती. एका हुशार नातीला संघात जायला फक्त अर्धा गुण हवा होता; डाव बरोबरीत सुटला तरी काम भागणार होतं. पण समोर डॉक्टरांचा मुलगा. त्याला दोन प्रशिक्षक, तीन पाण्याच्या बाटल्या, आणि वर खेळताही येत होतं! नातीचा वजीर गेला, मागोमाग हत्ती. पालक दाराच्या काचेला नाकं लावून उभे. त्यांना आत सोडायचं नाही असा कडक नियम, कारण हरल्यावर मुलांपेक्षा तेच जास्त रडतात.

अशात नातीचे आजोबा आले. भारदस्त, देखणे गृहस्थ. पंचांना वाटलं, हेच प्रमुख पाहुणे. त्यांनी आजोबांना थेट नातीच्या पटाशेजारी खुर्ची दिली आणि हातात भलामोठा पुष्पगुच्छ कोंबला.

"अहो, मला फुलं सोसत नाहीत," आजोबा कुजबुजले.

"शांतता राखा!" पंच ओरडले.

आजोबांनी शांतता राखली. नाक दाबलं, श्वास कोंडला, डोळे बाहेर यायची वेळ आली. शेवटी जी शिंक सुटली, तिच्यासरशी घड्याळ बंद पडलं, घोडा पंचांच्या चहात गेला, प्यादी पंख्यावर जाऊन आपटली. सगळं शांत झालं तेव्हा पटावर उभे होते फक्त दोन राजे.

पंचांनी चष्मा पुसला. "दोन राजेच उरले की डाव बरोबरीत. नियम म्हणजे नियम."

डॉक्टर दार ढकलून आत घुसले. "हा काय पोरखेळ लावलाय?"

"पोरांचीच स्पर्धा आहे, डॉक्टर."

"अहो, पण तो म्हातारा शिंकला!"

"शिंकू नये असं नियमात कुठे लिहिलंय? दाखवा."

अशा रीतीने नात संघात गेली. निव्वळ आजोबांच्या नाकाच्या जोरावर.

"आजोबा!" इतका वेळ शेजारी बसून निमूट ऐकणारी माझी नात उसळली. "राजा सगळ्यात उंच असतो. आधी तोच पडला असता!"

"जड असतो गं तो," मी म्हणालो. "राजाच ना शेवटी."

"आणि माझा वजीर गेलाच नव्हता! त्याच वजिराने शहावर शह देत मी बरोबरी काढली. तुम्ही तेव्हा बाहेर बाकावर घोरत होतात. डॉक्टरकाकांनीच तुम्हाला हलवून उठवलं, अभिनंदन करायला!"