पांढऱ्यावर पांढरं

कारभार चालतो कामानं, पण शोभतो रंगानं. आणि एकदा शोभा आली की कामाचं कोणी विचारत नाही. म्हणूनच बाभुळगावच्या वसतिगृह सेवा मंडळानं आपल्या यवतमाळातल्या वसतिगृहातल्या मुलींच्या खोल्यांचे अर्ज ऑनलाइन घेण्याआधी त्या पानाची थीम ठरवायला रंगयोजना समिती नेमली. खोल्या कोणाला द्यायच्या, यासाठी समिती नव्हती. (एका वेळी एकच महत्त्वाचं काम घ्यावं.)

अध्यक्ष फुलचंदजी मोठे समतोल गृहस्थ. भगवा म्हटला तर अर्धे सदस्य उठले, हिरवा म्हटला तर उरलेले. निळा निवडणुकीनंतर पाहू म्हणाले. (डार्क मोड लाइट गेली की आपोआप मिळतो, म्हणून तो ठराव बारगळला.) शेवटी पांढरा एकमतानं मंजूर झाला. मग कोणीतरी विचारलं, 'अर्ज पाठवा' हे बटन निळं कसं? तेही पांढरं केलं. त्यावरच्या अक्षरांनी तरी पक्ष का घ्यावा? तीही पांढरी झाली. इतकं निर्मळ पान पाहून नेर-उमरखेड तालुक्यांतली मंडळी जळली म्हणतात.

शिलाईकाम करणाऱ्या जोहराबींच्या मेहनाजला यवतमाळात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. वॉर्डातली ड्यूटी पहाटे लागते, पहिली बस त्यानंतर सुटते. खोली नाही तर नर्सिंग नाही. शेवटच्या दिवशी मायलेकींनी अर्ज भरला आणि हरवलेली सुई चाचपावी तसं पडद्यावर बोट फिरवलं. दर वेळी उघडली ती पानाच्या कडेची नक्षी निवडायची पेटी: मोरपीस, वेलबुट्टी, कापूसबोंड. कापूसबोंड निवडलं तर कडेनं बोंडं फुलली. बटन काही उगवलं नाही.

जोहराबी कार्यालयात गेल्या आणि ऑपरेटर पियुषला म्हणाल्या, "बेटा, सबन भरलं. पण पाठवाचं बटनच दिसून नाही राह्यलं."

"हवा तरी कुठं दिसते, आपा? पण असते ना."

नेमकं कुठं दाबायचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. विचारावं, तर थीम नापसंत आहे असा अर्थ निघाला असता. बटन दाखवायचं तर ठराव लागेल आणि समिती सोमवारी बसते, एवढं त्यानं नम्रपणे सांगितलं.

संध्याकाळी मुदत संपली. एकही अर्ज न आल्यामुळे मंडळानं 'मागणी नाही' असं नोंदवून वसतिगृहाला कुलूप लावलं. जोहराबी रडल्या. मेहनाज रडली नाही; ती आता आईजवळ बसून ब्लाउजला हुक लावते.

पानाचं मात्र जिल्हाभर कौतुक झालं. 'पान कसं वाटलं?' यापुढचा अंगठा तेवढा लालभडक ठेवला होता. (कौतुकाला पक्ष नसतो.) गावच्या ग्रुपवर लिंक आली आणि सगळ्यांनी तो दाबला. तुम्हीही दाबलात. खाली सरकवलं असतं तर प्रवेश मिळालेल्या मुलींची रिकामी यादी दिसली असती. पण तेवढं बोट कोण झिजवतो?