फ्रिजच्या मापाचे घर

फ्रिज दारात अडकला तेव्हा नकाशेवाला बाहेर होता आणि त्याची बायको आत.

तो पुलांचे नकाशे काढत असे. परदेशी बदली झाली तेव्हा झाडून सगळ्यांनी सांगितले होते, सामान तिकडेच घ्या. बायकोने तर इथे आल्या आल्या कोपऱ्यावरच्या दुकानात एक सडपातळ फ्रिज हेरूनही ठेवला होता. पण तो हट्टाला पेटला. "आईनं घेऊन दिलेला फ्रिज मी टाकून देणार नाही." फ्रिज जहाजाने येऊन गोदामात पडला आणि इकडे त्याच्यासाठी घर शोधणे सुरू झाले. उजेड, वारा, शेजार या गोष्टी गौण ठरल्या. नकाशेवाला थेट स्वयंपाकघरात शिरे आणि कोनाड्याला टेप लावे. अखेर तीन वर्षांनी चौथ्या मजल्यावर असा एक कोनाडा सापडला, की तो त्या फ्रिजच्या आठवणीतच कुणी बांधला असावा. नकाशेवाला गहिवरला. त्या भरात घराच्या दाराला टेप लावायची राहून गेली.

रविवारी सकाळी गोदामातून फ्रिज आला. घराचे दार बिजागऱ्यांतून काढून तळमजल्यावर नेऊन ठेवले. बाहेरून दोन हमाल आणि नकाशेवाला ढकलत होते, आतून बायको दिशा सांगत होती. एक दीर्घ, करकरता उसासा टाकून फ्रिज पाठमोरा चौकटीत अर्धा शिरला आणि तिथेच रुतला. ना पुढे, ना मागे.

"अजून जोर लावा!"

"अजून जोर लावला तर बिल्डिंग येईल, साहेब."

थोरल्या हमालाने घाम पुसला. "हे बघा, आमचं काम दारापर्यंत पोचवायचं. आता ह्याहून दारापर्यंत कसा पोचवणार?" आणि दोघे जिना उतरून गेले.

फ्रिजच्या माथ्यावर वीतभर फट उरली होती. तिच्यातून बायकोचा आवाज आला. "अहो, उद्या माझा पहिला दिवस आहे."

ते तो विसरला नव्हता. ती दातांची डॉक्टर. इथल्या परीक्षा नव्याने देण्यात तिची उमेदीची वर्षे घरातच मुरली होती. उद्या सकाळी एका दवाखान्यात ती पुन्हा डॉक्टर होणार होती, आणि तिथल्या मोठ्या बाईंना उशीर खपत नसे. घराला दुसरे दार नव्हते.

"निघेल गं. शांतपणे विचार करू."

"तुम्ही विचार केलात म्हणूनच तो इथं आलाय."

"बरं, वायर तुझ्या बाजूला आहे ना? जरा पिन लावून बघतेस? प्रवासात काही बिघडलं नसेल ना…"

आतून खटकन पिन बसली. मग फ्रिज घुरघुरला. नकाशेवाल्याने दार उघडले. आत पिवळा, ओळखीचा उजेड पडला. त्याचे डोळे भरून आले.

"चालतोय!"

"मी बाहेर कशी पडू ते बोला!"

"गारही होतोय गं!"

इतक्यात शेजारच्या काकू जिन्यात आल्या. "अगंबाई! सगळ्यांसाठी सोय केली वाटतं?" असे म्हणत त्यांनी दुधाची पिशवी ठेवलीसुद्धा. मग बातमी मजल्यामजल्यांवर झिरपली. निवृत्त न्यायाधीशांनी डोळ्यांत घालायचे थेंब आणले. कुणाचा तरी वाढदिवसाचा केक आला. नकाशेवाल्याला नाही म्हणवेना. उलट आपल्या फ्रिजचा हा सन्मान पाहून तो कप्पे लावू लागला. "दूध दारात ठेवा. केकवर काही ठेवू नका हं, न्यायाधीशसाहेब."

दुपारी फटीतून पुन्हा आवाज आला. पण हा आवाज बायकोचा नव्हता, डॉक्टरचा होता.

"काकू, तुमच्याकडे भिंतीला भोकं पाडायचं मशीन आहे का? आणि पत्रा कापायची कात्री?"

"आहे की! आमच्या ह्यांना नाही नाही ते घेऊन ठेवायची हौस."

नकाशेवाल्याचा चेहरा पांढरा पडला. "काय करणार आहेस तू?"

"जो दात हलत नाही तो आतून कोरायचा."

"अगं, तो दात नाहीये! आईनं दिलाय तो!"

"दातसुद्धा आईकडूनच येतात. सरका बाजूला. काकू, दूध काढून घ्या तुमचं."

तिने पिन काढली. हत्यारे फटीतून आत गेली आणि चौकट थरथरू लागली. नकाशेवाल्याने फ्रिजच्या थंड मुठीवर कपाळ टेकले.

"फार दुखत असेल का गं त्याला?"

"थोडा दाब जाणवेल," ती सवयीने म्हणाली.

नळ्या निघाल्या, बर्फाचा कप्पा निघाला, पाठीचा पत्रा सोलला गेला. "एक नस तरी जिवंत ठेव!" तो कळवळला. तिने दिव्याची वायर तेवढी राखली आणि शेवटी पिन पुन्हा लावली. संध्याकाळी त्याने दार उघडले तेव्हा तोच पिवळा उजेड पडला, पण त्यामागे आता दिवाणखाना होता, सोफा होता आणि केसांत पांढरा भुसा माळलेली बायको होती. मान लववून, पोट आत ओढून तो उरलेल्या अन्नासारखा घरात गेला.

सोमवारी सकाळी ती पांढरा कोट हातावर घेऊन निघाली. घर उघडे टाकणे तिच्या स्वभावात नव्हते, आणि फ्रिज होता जुना, कुलपाचा. चावी दारालाच लटकत होती. ती आतून बाहेर पडली, दार लावले, चावी फिरवून पर्समध्ये टाकली. नकाशेवाला तेव्हा फ्रिजच्या मागे एक बूट चढवून दुसरा शोधत होता. त्यालाही ऑफिस गाठायचे होते.

"अगं—" एवढे तोंडाशी आले. टाचा उंचावून वरच्या फटीतून त्याला ती दिसली. ओठांत काहीतरी पुटपुटत, खांदे ताठ ठेवून ती जिन्याकडे चालली होती. हाक मारली तर मागे फिरणार. मग चावी सापडणार नाही, दोघे एकमेकांना बोलणार, आणि मोठ्या बाई घड्याळ पाहणार. त्याने शब्द गिळला. तिची पावले एकेक मजला उतरत विरून गेली.

त्याने ऑफिसला फोन लावला. "साहेब, आज जमणार नाही. मी फ्रिजमध्ये आहे." फोन खिशात टाकून, एक बूट घातलेला पाय पोटाशी घेऊन, तो तिथेच खालच्या कप्प्याच्या जागी बसला. लहानपणी कित्येकदा त्याने फ्रिजचे दार हळूच, अगदी कणाकणाने उघडून पाहिले होते. वडिलांना विचारले होते, विज्ञानाच्या बाईंनाही विचारले होते. दार बंद झाल्यावर आतला दिवा खरेच विझतो का, हे डोळ्यांनी पाहिलेले मात्र कुणीच भेटले नव्हते.

त्याने मान वर केली.

विझतो.