इंजिनाच्या पाण्याचा चहा

नारायणगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. स्वतःची जाहिरात करायची सवय नाही, पण एवढं सांगतो, की लग्नात पडणारी एक अक्षता आजवर माझ्या कॅमेऱ्यातून सुटलेली नाही! नवरीच्या डोळ्यातलं पाणी गालावर यायच्या आत मी टिपतो. अशा माणसाला एक आगगाडी टिपणं म्हणजे काय अवघड? ती रुळावरून येणार, रुळावरूनच जाणार. नवरदेवासारखी मध्येच घोड्यावरून उतरून नाचायला थोडीच लागणार आहे!

बातमी अशी होती, की कोळशावर चालणारं एक जुनं इंजिन धुऊनपुसून नगरच्या बाजूच्या मोठ्या लाइनवर एक दिवस हौसेनं पळवणार होते. वाफ, धूर, शिट्टी, सगळं अस्सल! लोकांची अशा वेळी झोप उडते, माझी उलट वाढली. कारण डोळे मिटले की इंजिन यायचं. कधी धुक्यातून, कधी आमच्या उसातून, आणि अंगणात येऊन हळूच श्वास सोडून थांबायचं. मला फार बरं वाटायचं.

आता आमच्या जुन्नर-आंबेगावात रेल्वेची मोजणी येऊन गेली, रेल्वे यायची आहे. म्हणून तालीम पिंपरी पेंढारला घरच्या अंगणातच केली. हातगाडीवर अंघोळीचा तांब्याचा बंब पेटवून ठेवला आणि बायकोला, रत्नाला, गाडी ढकलत न्यायला सांगितलं.

"शिट्टी मार!" मी कॅमेऱ्यामागून ओरडलो.

"कुकरची आणते," असं म्हणून ती जी घरात गेली, ती बाहेर आलीच नाही.

पण या इंजिनात माझ्यापेक्षा जास्त जीव अडकला होता तो माझ्या चुलत्याचा, यमाजीनानांचा. तरुणपणी नाना मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायचे. तेव्हा म्हणे एकदा मेंढरं रुळावर आली, कोळशाचं इंजिन थांबलं, आणि ड्रायव्हरनं शिव्या द्यायच्या सोडून नानांना चहा पाजला. तोही इंजिनातल्या उकळत्या पाण्याचा! ही गोष्ट नाना जन्मभर सांगताहेत आणि माझी चुलती म्हाळसाबाई जन्मभर हसतेय.

"गाडी थांबली म्हणं! आन् च्या पाजला म्हणं! गाडीचं जावय लागून गेले जनू!"

गेल्या महिन्यात हे तिनं भरल्या पंगतीत म्हटलं. पाव्हणे खदाखदा हसले. नाना हात धुऊन वाघुरीकडे, मेंढरं कोंडायच्या जाळीकडे, निघून गेले. मला खरंच वाईट वाटलं. मी मागोमाग गेलो.

"नाना, चला माज्यासंगं. इंजनापुढं तुमचा असा फोटू काढतो, की नानी पुना हसायची न्हाई!"

"जमंल का रं?"

"अक्षता सुटत न्हाई नाना, इंजन सुटंल?"

ठरल्या दिवशी भल्या सकाळी मोटरसायकलवरून निघालो. नानांनी लग्नातला पटका बांधला होता. बेल्हे मागं टाकलं, मग उजाड माळ लागले, आणि ऊन वर येता येता रुळाच्या एका झकास वळणापाशी पोचलो. मी स्टँडवर कॅमेरा चढवला. मोबाइल नानांच्या हातात दिला. "गाडी आली की ह्यो लाल ठिपका दाबायचा, बास!"

रुळाच्या पलीकडे एक बाई मेंढरं चारत होती. नानांनी इकडूनच तिची चौकशी केली. नाव साळुबाई, माहेर ढवळपुरीकडचं, आणि दोन सोयरिकी जोडल्यावर ती नानांची भाचीच निघाली! आमच्यात असंच असतं. नानांना चंद्रावर उतरवलं तरी तिथं त्यांचा एखादा साडू निघेल.

मग सगळं शांत झालं. दवानं रूळ ओले होते. लांब कुठंतरी कोळशाचा वास आला, आणि त्यामागून शिट्टी. काय सांगू! वळणाच्या टोकाला पांढरी वाफ दिसली, तिच्यातून काळं तोंड हळूहळू बाहेर आलं. अगदी माझ्या स्वप्नातलं! नानांनी मोबाइलचा लाल ठिपका दाबला. मी डोळा कॅमेऱ्याला लावला.

तेवढ्यात नाना ओरडले, "साळू, मेंढरं आवर!"

मेंढरं रुळापासून चांगली लांब होती. पण जन्माची सवय! गाडी दिसली की मेंढरं आपल्याजवळ बोलवायची, एवढंच नानांना ठाऊक. त्यांनी जिभेखाली दोन बोटं घालून शीळ घातली आणि खणखणीत हाळी दिली, "हुर्र्र्र!" साळुबाईच्या माहेरचीही हाळी तीच. सगळा कळप कान टवकारून नानांकडे धावला. नाना एवढंच विसरले, की मेंढरं रुळाच्या पलीकडं होती आणि आपण अलीकडं!

"मामा, याड लागलं का तुमाला!" साळुबाई ठणाणा करत पळत आली.

रुळावर मेंढरंच मेंढरं! ब्रेक किंचाळले. वाफेचा मोठा फुत्कार झाला. आणि ते अख्खं धूड, आमच्यापासून चार पावलांवर, श्वास सोडत थांबलं. थांबलं हो! पुढची मेंढरं तोवर नानांना भेटायला निघाली होती. त्यांच्या वाटेत माझा स्टँड होता, आणि मी होतो. दोघेही आडवे झालो.

मी मातीतून डोकं वर काढलं, तर ड्रायव्हर खिडकीतून ओणवून नानांकडे बघत होता. आता शिव्या! पण नानांनी हात जोडून विचारलं, "सायेब, च्या हाये का?"

ड्रायव्हर आधी दचकला, मग हसला. साळुबाई रुळावरची मेंढरं हाकलेपर्यंत कोळसा टाकणाऱ्या गड्यानं भट्टीजवळ तापत ठेवलेली किटली काढली आणि दोन पेले खाली दिले. चहा कडू होता, त्यात धुराची चव होती, आणि वाफेत सगळा माळ पुसल्यासारखा झाला होता. तसा चहा मला पुन्हा मिळणार नाही. मग शिट्टी झाली आणि इंजिन स्वप्नासारखं निघून गेलं.

संध्याकाळी म्हाळसाबाईपुढं पुरावा मांडला. मोबाइलचा कॅमेरा उलटा लागला होता. त्यात नुसतं नानांचं तोंड, लहान पोरासारखं हसणारं, आणि वर बाकी सगळे आवाज बुडवणाऱ्या साळुबाईच्या शिव्या! माझ्या कॅमेऱ्यात एकच फोटो. त्यात एक मेंढी. नाकपुड्यांसकट, फ्रेमभर!

"गाडी कुटं हाये?" नानीनं विचारलं.

"मेंढरामागं."

"आन् च्या?"

"पाजला, नानी. शप्पत! मीबी पेलो."

नानीनं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि आत हाक मारली, "रत्ना, आता घरात दोन झाले गं!"

मात्र त्या रात्री मोबाइल तिच्याकडेच राहिला. नानांचं ते हसू ती पुन्हा पुन्हा लावत होती, आवाज बंद करून.

तो फोटो मी मोठा करून स्टुडिओत लावलाय. गिऱ्हाईक हसतं, पण मी सांगतो, राव, हिच्यामागं इंजिन उभं आहे. परवा बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजाराहून परतणारा एक व्यापारी आला. फोटोपुढं बराच वेळ उभा राहिला. मागं सरकला, पुढं झाला, मान तिरपी करून बघितलं. मला भरून आलं. शेजारी बसलेले नाना तर खुर्चीतून उठलेच! अखेर एकाला तरी दिसलं!

"झ्याक हाये भाऊ," तो म्हणाला, "केवढ्याला द्यायची?"