दोन दारांच्या निशाणांची हकीकत

श्रीगजाननास नमन, कुलदेवतेस नमन, आणि गल्लीतील थोरामोठ्यांस दंडवत घालून वर्तमान निवेदिले जाते ते ऐसे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण शुद्ध दशमी, स्वातंत्र्याचा दिवस. पाण्याच्या टाकीपासून पिठाच्या गिरणीपावेतो एक राज्य होते, आणि हैबतराव तेथील निशाणांचे सरदार. राष्ट्राच्या सणास दारोदार तिरंगा लागावा, परंतु आपल्या दारी आपण लावू नये, शेजारियाने लावावा, म्हणजे शेजार टिकेल, हा दंडक त्यांनीच घातला होता, आणि स्वयंसेवक मंडळी तो आनंदे पाळीत. परंतु त्या साली सरदारांच्या शेवग्याची फांदी शेजारी रंगोपंतांच्या लोखंडी घोड्यावर, ज्यास फिरंगी भाषेत स्कूटर म्हणतात, कोसळली, आणि आरसा फुटला, आणि शब्दाने शब्द वाढून बोलणे तुटले.

सबब दशमीस अवघे राज्य सजले, आणि दोनच दारे ओकीबोकी राहिली. हैबतरावांस मनस्वी लाज वाटली. मग आपणच लावावे ऐसे मनात आणून निशाण उचलले, तो कुटुंब यमुनाबाई शांतपणे वदल्या की दंडक आपणच घातलात. मग सरदार दिवसभर ओसरीवर बसून राहिले, अन्न गोड लागेना. आता आपला दंडक कोण मानील ही चिंता होतीच, आणि खरे सांगावे तर पंतांवाचून चहा बेचव झाला होता, ते दुःख त्याहून मोठे. दिवस कलला, आणि सूर्यास्ती निशाणे उतरविणे भाग. मग हैबतराव उठले, आणि पंतांच्या दारी स्वारी नेऊन मुकाट्याने निशाण उभे केले. पंत दारातच होते.

"फार उशीर केलात," पंत म्हणाले. "तुमचं निशाण सकाळपासून दारामागे उभं आहे."

"मग आणलं का नाहीत?"

"आरसा माझा फुटला होता. आधी तुम्ही यायचं होतं."

मग पंतांनी जाऊन सरदारांच्या दारी निशाण लाविले, आणि दोन्ही निशाणे फडकतात न फडकतात तो सूर्य गिरणीमागे गेला. आणि तिरंग्याची घडी एकट्याने नीट होत नाही, मग दोघांनी समोरासमोर टोके धरिली, आणि घडीमागून घडी घालीत जवळ आले, आणि हातास हात लागला तो कोणी मागे घेतला नाही.

"चहा टाकायला सांगतो," हैबतराव म्हणाले.

तात्पर्य, अवघ्या राज्यात त्या दोन दारी निशाण सर्वांत थोडा वेळ फडकले. शेवगा अद्याप जेथल्या तेथे आहे. घोडा मात्र हल्ली हैबतरावांच्या पडवीत बांधला जातो. इतके लिहून लेखणी खाली ठेविली.