चौदा तालींचे वर्गशिक्षक

साळवे सर रिटायर झाले तरी रोज सकाळी हजेरी घेतात. पोरांची न्हाई, तालींची. ताल म्हणजे उतारावरची माती अडवायला रचलेली दगडांची भिंत. टेंभुर्णीकडं आमचं डोंगराच्या अंगाचं वावर आहे, त्यात अशा चौदा जुन्या ताली आहेत. मालक मी, पण वर्गशिक्षक साळवे सर.

"ताल नंबर सात," असं पुकारून ते स्वतःच "हजर सर" म्हणतात. पावसात एखादी ढासळली की तिच्यापुढं 'आजारी' लिहितात, आणि ती परत रचून होईस्तोवर बाकीच्यांना अभ्यास देतात. कसला अभ्यास, ते मी विचारलं न्हाई. त्यांनी मला चौथीत शिकवलंय. नसती चौकशी केली की अजून कान धरतात.

शाळेनं टाकून दिलेल्या भारताच्या कापडी नकाशाच्या पाठीवर त्यांनी आमचं वावर पावलानं मोजून काढलंय. कापड इतकं झिजलंय की पलीकडचा भारत अलीकडं दिसतो. एकदा भर बाजारात मला गाठून म्हणाले, "दत्ता, भोपाळपाशी दगड निसटून राह्यलेत. चल जल्दी." भजेवाला भज्यं सोडून माझ्याकडंच बघत बसला.

यंदा मी ठरवलं, ताली काढायच्या आन् वावर एकसारखं करायचं. ट्रॅक्टरच वळत न्हाई तिथं, करता काय? जेसीबी घेऊन गेलो तर सर आधीच येऊन बसलेले. वाटलं, आता हे मशीनपुढं आडवे पडतात. पण त्यांनी पिशवीतून कोरे कागद काढले.

"तुझं वावर, तुझी मर्जी. पण दाखल्याशिवाय शाळा सोडता येत न्हाई. काम कसं बराबर पाहिजे."

आणि चौदा दाखले लिहायला घेतले. ड्रायव्हर म्हणे, "भाऊ, हे काय चालू आहे?" म्हटलं, "थांब बाबा, शाळा सुटून राह्यली."

वर्तणूक सगळ्यांची उत्तम होती, फक्त अकरावीची 'बरी', कारण तिच्यात साप निघतात. मी हसत हसत एकेक कागद वाचत होतो. मंग 'आईचं नाव' दिसलं. गयाबाई. कोंडाबाई. ठकूबाई. माझ्या आजोबांनी रोजानं लावलेल्या, डोक्यावर दगड वाहणाऱ्या बाया. सरांनी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून ही नावं जमवल्ती. आमच्या सातबाऱ्यावर तर सगळी आमचीच नावं.

सातवीपुढं होतं, सखुबाई साळवे.

"सर, ही तर तुमची आई."

"हा. आई ही ताल रचून राह्यली होती तवा मी पोटात होतो. म्हणजे ही माझी थोरली बहीण." सर चष्मा पुसायला लागले. "आता नात्यातलं तेवढंच एक माणूस ऱ्हायलं."

मला लई लाज वाटली.

सरांनी पेन माझ्या हातात दिला. "सगळं भरलंय बघ. शाळा सोडण्याचं कारण तेवढं मला सुचून न्हाई राह्यलं. मालक तू आहेस, तूच लिही."

मी पेन धरून बसलो. तेवढ्यात ड्रायव्हरनं विचारलं, "भाऊ, कोणत्या भिंतीपासनं सुरू करू?"

म्हटलं, "मशीन घेऊन जा बाबा."